दार लोटून घेतल्याने श्रद्धा टिकते काय?

डिसेंबर लागला की पांढरकवड्याच्या बाजूच्या ख्रिस्ती घरांत आताशा एक सल्ला हमखास ऐकू येतो. तारा अंगणात टांगू नका, आत लावा. कॅरल म्हणत गल्लीबोळांतून फिरू नका. प्रार्थनासभा ठेवायचीच तर दार लोटून घ्या, आवाज बाहेर जाऊ देऊ नका. कोणी विचारलेच तर 'घरचाच कार्यक्रम आहे' म्हणा. सल्ला देणारी माणसे भित्री नाहीत. मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, ज्यांनी चाळीस-चाळीस वर्षे काढली तेच वडीलधारे हे सांगतात, आणि पोटतिडकीने सांगतात. म्हणूनच या मताचा विचार गांभीर्याने केला पाहिजे. आपल्याकडच्या जुन्या शिस्तीप्रमाणे आधी पूर्वपक्ष मांडतो, आणि तो जितका बळकट आहे तितका बळकटच मांडतो.

पूर्वपक्ष असा. १४ फेब्रुवारी २०२५ ला राज्य शासनाने सक्तीच्या धर्मांतराविरुद्ध कायदा कसा करता येईल हे पाहण्यासाठी पोलिस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्याच वर्षीच्या पावसाळी अधिवेशनात धुळे-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यातील अनधिकृत चर्च पाडण्याची भाषा विधानसभेत झाली आणि जुलैत ख्रिस्ती समाजाला आझाद मैदानावर जमावे लागले. गावोगावच्या घरगुती प्रार्थनासभांत लोक शिरतात, व्हिडिओ काढतात, आणि मग पोलिस ठाण्यात खुलासा प्रार्थना करणाऱ्यालाच द्यावा लागतो. अशा वेळी शहाण्याने अंग चोरून राहावे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती १० लाख ८० हजार, म्हणजे शेकड्याला एकही पुरता नाही. एवढ्यांनी कुणाच्या डोळ्यांवर यावे कशाला? शिवाय शास्त्राचा आधारही आहेच: प्रभूने खोलीत जाऊन, दार लावून प्रार्थना करायला शिकवले, आणि रोमचे पहिले ख्रिस्ती तर जमिनीखालच्या भुयारांत लपून उपासना करीत.

याला जोडून बाहेरच्यांचे एक सौम्य मत येते. ते म्हणतात, श्रद्धा ही ज्याची त्याची खाजगी गोष्ट. घरात ठेवा, कोणाचा आक्षेप नाही. हे मत प्रेमाने मांडले जाते, पण निष्कर्ष तोच निघतो.

आता उत्तरपक्ष, आणि सुरुवात शास्त्रापासूनच, कारण तिथे चूक सर्वांत उघड आहे. मत्तयाच्या सहाव्या अध्यायातील खोलीची शिकवण ढोंगाविरुद्ध आहे; लोकांनी आपल्याला धार्मिक म्हणावे म्हणून चव्हाट्यावर उभे राहणाऱ्यांना ती सांगितली. शेजाऱ्याच्या भीतीने दार लावणाऱ्यांना नव्हे. त्याच डोंगरावरच्या प्रवचनात आदल्याच अध्यायात दिवा मापाखाली झाकू नये असे सांगितले आहे, हे आपण सोयीने विसरतो. आणि दानिएलाचे उदाहरण तर नेमके आपल्या प्रश्नाचे आहे. प्रार्थनेवर बंदी घालणारी राजाज्ञा निघाल्यावर त्याने काही नवे, चिथावणीचे केले नाही. पूर्वी करीत होता तेच केले: माडीवरच्या उघड्या खिडकीशी दिवसातून तीनदा प्रार्थना. खिडकी लावून घेतली असती तर सिंहांची गुहा टळली असती. त्याने ती लावली नाही.

भुयारांची गोष्ट आपल्या संडे स्कूलमध्ये इतकी रुजली आहे की ती खोटी म्हणताना मलाही जड जाते. पण रोमची ती भुयारे म्हणजे दफनभूमी. तिथे ख्रिस्ती लोक आपले मृत पुरीत, रक्तसाक्ष्यांच्या स्मृतिदिनी जमत, आणि त्या जागा सरकारला चांगल्या ठाऊक होत्या. पिढ्यान् पिढ्या तिथे लपून चर्च चालले, ही नंतरच्या काळाची कल्पना आहे. खरा दाखला पाहायचा तर जस्टिनचा पाहावा. इसवी सन १५५ च्या सुमारास, ख्रिस्ती लोक अंधारात नरमांस खातात, व्यभिचार करतात, अशा अफवा रोममध्ये उठत असताना या माणसाने थेट सम्राट अँटोनायनस पायसला उद्देशून निवेदन लिहिले. त्यात काय आहे? रविवारी आम्ही जमतो ते कसे, काय वाचतो, प्रमुख काय बोध करतो, भाकर आणि द्राक्षारस कसा वाटला जातो, ऐपतीप्रमाणे दिलेले दान कोणाकडे ठेवतात आणि ते अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परके यांच्यासाठी कसे खर्च होते. रविवारच्या उपासनेचा अख्खा क्रम, जमाखर्चाच्या दिशेसह, राज्यकर्त्यापुढे ठेवला आहे. अफवेला त्याने उजेडाने उत्तर दिले. पुढे सुमारे १६५ साली त्याचा शिरच्छेद झाला, हेही सांगितले पाहिजे. उघडेपणाची किंमत नसते असे मी म्हणत नाही. लपलेल्या मंडळीवरच्या अफवांना मात्र उत्तर द्यायला कोणी उरत नाही.

मराठी मुलखाची परंपराही दार लोटून घेण्याची नाही. १८५७ हे वर्ष किती धास्तीचे होते ते सांगायला नको. त्याच वर्षाच्या पूर्वार्धात मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात हजारोंच्या साक्षीने धर्मविषयक वाद होत होते, आणि त्याच वर्षी ख्रिस्ती झालेल्या बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी छापून निघाली. तेव्हा खंडन-मंडन तिखट होते, पण ते वाळूवर, लोकांसमोर होते. कोणाला काय म्हणायचे आहे ते प्रतिपक्षाला ठाऊक होते.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण मला याहून मोलाचे वाटते. 'ख्रिस्ती म्हणजे गोऱ्या सरकारची सावली' हा आरोप आजही वेगळ्या शब्दांत होतो. बाप्तिस्मा घेतलेल्या रमाबाई १८८९ साली मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनात प्रतिनिधी म्हणून बसल्या होत्या. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याच्या सरकारी इस्पितळात स्त्रियांचे जे हाल होत त्यांविषयी त्यांनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहिले आणि मुंबईच्या गव्हर्नरांना अडचणीत आणले. धर्मबंधूंचे राज्य असतानाही त्या गप्प राहिल्या नाहीत. ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' उभा केला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना तसेच न घेतलेल्यांनाही जागा दिली. जवळच्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले तेव्हा विरोध झाला, धमक्या आल्या. धर्मगुरू आणि मराठी लेखक या दोन्ही नात्यांनी ते व्यासपीठावर गेले. वसईच्या पाण्यासाठी आणि झाडांसाठी आधीची तीस वर्षे ते रस्त्यावर उभे राहिले होते, ते काही दार लोटून नव्हे.

पण ही मोठी माणसे, मोठी शहरे झाली. आपल्या जिल्ह्याचे बोलू.

१९५४ साली मध्य प्रदेश सरकारने नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणारी समिती नेमली. राजधानी नागपूर होती आणि यवतमाळ जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशातच होता. म्हणजे आज ज्या चौकशांनी आपली झोप उडते त्यांचा पहिला मोठा अंक आपल्याच उंबरठ्यावर झाला. १९५६ मध्ये अहवाल आला. धर्मांतर हाच ज्यांचा मुख्य हेतू त्या परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावे, दवाखाने आणि शाळा यांचा त्यासाठी वापर होऊ नये, अशा त्याच्या शिफारशी होत्या. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला विदर्भ मुंबई राज्यात गेला, आणि मध्य प्रदेशात १९६८ साली झालेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा आपल्याला लागू झाला नाही.

त्या वावटळीत यवतमाळात काय चालले होते? १८९० च्या दशकापासून फ्री मेथडिस्ट मिशनचे केंद्र तिथे होते. १९५३ मध्ये, म्हणजे नियोगी समिती नेमली जाण्याच्या आदल्या वर्षी, तिथे युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. ती चौकशीच्या काळात बंद पडली नाही. पाटी उतरवली नाही. देशभरातून मुले-मुली येत राहिली, यवतमाळच्या बाजारात भाजी घेत राहिली, गावातल्या लोकांशी बोलत राहिली, आणि १९८३ मध्ये संस्था पुण्याला गेली तोपर्यंत तीस वर्षे शहराने तिला सामावून घेतले. जिल्ह्यातल्या उमरीच्या मिशन दवाखान्याविषयी गोंड, कोलाम, कुणबी, कोणालाही विचारा. तिथे कोण जन्मले आणि कोण वाचले हे लोकच सांगतील. या संस्थांवर अहवालातल्या कोणत्याही वाक्यापेक्षा जास्त विश्वास बसला, कारण तिथे आत काय चालते ते लोकांनी पाहिलेले होते.

आता मंडळीच्या रोजच्या जीवनाकडे येतो, कारण दार लोटून घेतल्याचा तोटा आधी तिथेच दिसतो. आमच्याकडचा कापणीचा सण पाहा. बोंडांतून नुकताच वेचलेला कापूस पाटीत, तुरीच्या शेंगा, सोयाबीनचे पोते, कोंबडी पायाला दोरी बांधून, भोपळा, एखाद्या म्हातारीची चार अंडी रुमालात. सगळे वेदीपुढे मांडायचे, पाळकांनी आशीर्वाद द्यायचा आणि उपासनेनंतर अंगणात लिलाव. चार अंड्यांना बाजारभावाच्या दसपट बोली लागते आणि पुढचा पुन्हा ती मंडळीलाच देऊन टाकतो, पुन्हा बोली. शेजारपाजारचे लोक कुंपणाशी उभे राहून हसत, कधी आत येऊन भोपळा घेऊन जात. हा सण बंद खोलीत करता येतो काय? केला तर उरतो तो फक्त निधी गोळा करण्याचा कार्यक्रम. आणि बंद दाराआड पैसे गोळा होतात असे कळल्यावर गावात काय बोलले जाईल याची कल्पना सल्ला देणाऱ्यांनी करावी.

बाप्तिस्म्याचे रजिस्टर हेही तसेच. ज्यांना ते लपवावेसे वाटते त्यांना मी विचारतो: कोणाचा बाप्तिस्मा कधी, कोणाच्या साक्षीने, किती तयारीनंतर झाला, हे नीट लिहिलेले असणे हाच आमिषाच्या आरोपावरचा पहिला पुरावा नाही काय? स्टॅनिस्लॉस खटल्यात १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. हा निकाल आपल्याला आवडो न आवडो, त्यामुळे प्रत्येक मंडळीवर जबाबदारी येते: जो येतो तो आपल्या मनाने येतो, हे दाखवता आले पाहिजे. धान्य, फी किंवा औषध यांच्या बदल्यात कोणी नाव नोंदवत असेल तर ते मंडळीनेच थांबवावे, सरकारची वाट न पाहता.

'खाजगी गोष्ट' म्हणणाऱ्यांनाही घटना समितीच्या ६ डिसेंबर १९४८ च्या दिवसाची आठवण करून द्यावीशी वाटते. धर्म पाळण्याबरोबर त्याचा प्रसार करण्याचा हक्क असावा की नाही यावर त्या दिवशी खडाजंगी झाली. त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांत कन्हैयालाल मुन्शी होते आणि टी. टी. कृष्णम्माचारीही होते, आपण चौदा वर्षे ख्रिस्ती शाळांत शिकलो आणि कोणी आपल्याला बाटवायला आले नाही, असे कृष्णम्माचारींनी सभागृहाला सांगितले. ख्रिस्ती प्रतिनिधींनी राखीव जागा सोडल्या आणि शेजाऱ्यांच्या सद्भावनेवर विश्वास ठेवला. पंचविसाव्या कलमातला तो हक्क ख्रिस्त्यांनी कोणाकडून हिसकावलेला नाही. तो बहुसंख्याकांनी विचारपूर्वक दिलेला आहे, आणि तो घरात बसून वापरता येत नाही.

पूर्वपक्षाच्या बाजूने येणारा आणखी एक मुद्दा मात्र मी मोडू शकत नाही, आणि मोडू इच्छितही नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्या दलिताचा अनुसूचित जातीचा दर्जा जातो. शिखांना १९५६ मध्ये, बौद्धांना १९९० मध्ये तो मिळाला. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. यासाठी २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग नेमावा लागला. आदिवासींचा दर्जा धर्मामुळे जात नाही, पण तो काढून घ्यावा अशी मागणी आता जोरात आहे. अशा वेळी कागदावर एक आणि रविवारी दुसरे, असे जगणारी घरे आहेत. मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी ज्या बापाने गप्प राहायचे ठरवले त्याला व्यासपीठावरून भित्रा म्हणणे मला जमणार नाही. पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, एकट्याच ख्रिस्ती असलेल्या कोलाम विधवेला शहरातल्या पक्क्या चर्चमधून धैर्याचे धडे देणे हाही अन्यायच आहे. एकेका माणसाच्या सुरक्षिततेसाठी बाळगलेले मौन वेगळे. अख्ख्या मंडळीनेच मौनाला धोरण बनवणे वेगळे. मी विरोध करतो तो दुसऱ्याला, आणि तोही याच दुबळ्या माणसांसाठी: ज्यांना गप्प राहणे भाग आहे त्यांच्या वतीने बोलायचे कोणी, जर ज्यांना बोलता येते तेही दार लोटून बसले?

उघडे राहणे म्हणजे निवडणुकीत वेदीवरून पक्ष सांगणे नव्हे. तो उलट दिशेचा घसरडा रस्ता आहे; त्यावर गेलेल्या पाळकाला मंडळी अर्धी गमवावी लागते आणि उमेदवार पडल्यावर उरलेलीही. यिर्मयाने बाबेलात नेलेल्या बंदिवानांना पत्र धाडून सांगितले ते इतकेच: त्या नगराचे भले चिंता, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या भल्यात तुमचे भले आहे. कापसाचा भाव, कर्जाने खचलेला शेजारी, टिपेश्वरच्या जंगलालगत वाघाच्या भीतीने शेतात न जाणारे लोक, हे सर्व रविवारच्या मध्यस्थीच्या प्रार्थनेत नावानिशी यावे. येते का, हे प्रत्येक मंडळीने पाहावे.

मग येत्या नाताळात करायचे काय? तारा अंगणातच लागावा. कॅरलचा मार्ग आणि वेळ आधी शेजाऱ्यांना सांगावी. घरात प्रार्थना करायला घटनेने परवानगी मागायला लावलेली नाही, पण शेजाऱ्याला सांगणे म्हणजे परवानगी मागणे नव्हे. वार्षिक सभेत जमाखर्च मोठ्याने वाचावा. नोंदणीची कागदपत्रे, जागेचा सातबारा, लेखापरीक्षण, सगळ्यांच्या प्रती चर्च कमिटीतल्या तिघांकडे असाव्यात. कोणाच्या घरातली सभा मोडली गेली तर पाळकाने एकट्याने ठाण्यात जाऊ नये; कमिटीचे दोघे, एक वकील, आणि ज्याने ती प्रार्थना पूर्वी ऐकली आहे असा एखादा हिंदू शेजारी सोबत असावा. असा शेजारी मिळायचा तर दार वर्षभर उघडे असावे लागते, आणि ते काम जूनमध्ये, पेरणीच्या दिवसांत, त्याच्या बांधावर जाऊन सुरू करावे लागते.