सूर्यफुलाचे बी कोणी जपले?

१/ मिसूरी नदीच्या वरच्या खोऱ्यात, आजच्या अमेरिकेतील नॉर्थ डाकोटा राज्यात, हिदात्सा जमातीच्या स्त्रिया वसंतात सर्वांत आधी सूर्यफुलाचे बी पेरत. मका, घेवडा आणि भोपळा यांची पाळी नंतर येई. त्यांच्या कालगणनेत एप्रिलच्या सुमारास येणारा महिना ‘सूर्यफूल पेरण्याचा महिना’ म्हणूनच ओळखला जात असे. आज जगभर ज्याचे तेल खाल्ले जाते, त्या बियांचा इतिहास अशाच मळ्यांतून सुरू होतो. या धाग्यात तो इतिहास.

२/ सूर्यफूल मूळचे उत्तर अमेरिकेचे. त्याच्या रानटी झाडाला अनेक फांद्या फुटतात, प्रत्येक फांदीवर लहान लहान फुले येतात आणि बी पिकले की गळून मातीत मिसळते. झाडाच्या दृष्टीने ही उत्तम सोय; खाणाऱ्याच्या दृष्टीने मोठी अडचण. एक जाड खोड, त्यावर एकच मोठी तबकडी आणि कापणीपर्यंत जागेवर टिकणारे बी, हे रूप माणसाने घडवलेले आहे.

३/ अमेरिकेच्या पूर्व भागात, टेनेसी राज्यातील उत्खननात, रानटी बियांपेक्षा मोठे असे सूर्यफुलाचे बी मिळाले असून ते ४,००० वर्षांहून जुने आहे. म्हणजे मका त्या भागात पोहोचण्याच्या कितीतरी आधी तेथील लोक सूर्यफुलाची निवड करत होते. निवडीची रीत साधी होती. ज्या झाडाचे बी गळले नाही आणि दाणा टपोरा भरला, त्याचेच बी पुढच्या वर्षासाठी राखायचे. अशा शेकडो पिढ्या गेल्या.

४/ या निवडीचे तपशील सांगणारी एक व्यक्ती नावानिशी इतिहासात राहिली. तिचे नाव माक्सिदिवियाक. इंग्रजी लिखाणात ती ‘बफेलो बर्ड वुमन’ या नावाने ओळखली जाते. तिचा जन्म १८३९च्या सुमारास झाला. त्याच्या दोनच वर्षे आधी, १८३७मध्ये, देवीच्या साथीने हिदात्सांची निम्म्याहून अधिक वस्ती नाहीशी केली होती. लहानपणीच आई वारल्यावर आजीने आणि मावश्यांनी तिला वाढवले. शेतीही ती त्यांच्याच हाताखाली शिकली.

५/ तिची आजी ‘टर्टल’, म्हणजे कासव. गावात लोखंडी अवजारे आल्यावरही आजीने रानगव्याच्या खांद्याच्या हाडाचे कुदळे आणि उकरण्याची लाकडी काठी सोडली नाही. हिदात्सांमध्ये शेत हे स्त्रियांचे क्षेत्र होते. जमीन मोकळी करणे, पेरणे, राखणे, मळणे आणि बी साठवणे ही कामे त्यांची, आणि त्यामागचे ज्ञानही त्यांचेच.

६/ गिल्बर्ट विल्सन या अभ्यासकाने हे ज्ञान तिच्या तोंडून ऐकून लिहून घेतले. तिचा मुलगा एडवर्ड गुडबर्ड दुभाष्याचे काम करी. १९१७मध्ये मिनेसोटा विद्यापीठाने ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. विल्सनने आपले सिद्धान्त पुढे न रेटता तिचे कथनच मध्यभागी ठेवले. त्यामुळे आजही तो ग्रंथ शेतीच्या नोंदवहीसारखा वापरता येतो.

७/ तिने सांगितलेली पेरणी अशी. सूर्यफूल शेतात सलग पेरायचे नाही, कडेकडेने लावायचे. दोन आळ्यांत आठ-नऊ पावलांचे अंतर. माती भुसभुशीत करून प्रत्येक आळ्यात तीन बिया, अंगठा आणि पहिली दोन बोटे यांच्या चिमटीत धरून, बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत खोल दाबायच्या आणि वरून माती थापायची. अंतर इतके राखल्यामुळे उंच झाडांची सावली आतल्या पिकावर दाटत नसे.

८/ कापलेल्या तबकड्या मातीच्या घुमटाकार घरांच्या छपरावर पालथ्या घालून वाळवल्या जात, मग काठीने झोडपून बी मोकळे केले जाई. ते मडक्यात भाजून कुटले की पीठ तयार होई. घेवडा, भोपळा आणि मका यांच्याबरोबर हे पीठ शिजवून होणारे कालवण तिच्या आवडीचे होते. लढाईला किंवा शिकारीला जाणारा पुरुष भाजलेल्या बियांचा लाडू बरोबर नेई. थकवा आला किंवा झोप अनावर झाली की तो थोडा कुरतडायचा.

९/ तिच्या कथनातील सर्वांत मोलाची नोंद मात्र वाणांविषयी आहे. काळे, पांढरे, तांबूस आणि पट्ट्यांचे असे बियांचे निरनिराळे वाण होते. प्रत्येक कुटुंब आपल्या पसंतीचा वाण लावी, आणि काळ्या बियांपासून काळेच, पांढऱ्यापासून पांढरेच बी येई. सूर्यफुलाचे परागण मधमाश्या करतात, त्यामुळे शेजारच्या वाणाचा पराग सहज मिसळतो. अशा पिकात वाण शुद्ध राहतात याचा अर्थ बियाण्याची निवड पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांत तेल घालून होत होती.

१०/ दरम्यान सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी सूर्यफूल युरोपात नेले होते. तेथे ते प्रथम नवलाचे फूल ठरले. इंग्लंडच्या जॉन जेरार्डने १५९७च्या आपल्या वनस्पतिग्रंथात स्वतःच्या बागेतील झाड चौदा फूट वाढल्याचे नोंदवले. फूल सूर्याकडे वळते हे त्याने तपासून पाहिले, पण त्याला तसे आढळले नाही. वळतात ती कोवळी झाडे आणि कळ्या. पूर्ण उमललेली तबकडी बहुधा पूर्वेकडे तोंड करून स्थिर होते.

११/ शोभेच्या फुलाचे तेलबियांच्या पिकात खरे रूपांतर झाले ते रशियात. ऑर्थोडॉक्स पंथाच्या दीर्घ उपवासांत लोणी आणि प्राण्यांची चरबी वर्ज्य असे, त्यामुळे वनस्पतींच्या तेलाला मोठी मागणी होती. व्होरोनेझ प्रांतातील आलेक्सेयेव्हका येथे १८२९मध्ये दानिईल बोकारेव्ह या भूदासाने परसातील सूर्यफुलांचे बी हातघाण्यात घालून तेल काढले. काही वर्षांतच तेथे घोड्याने चालणारा घाणा उभा राहिला आणि सूर्यफूल परसातून शेतात आले.

१२/ विसाव्या शतकात क्रास्नोदार येथे वसिली पुस्तोवोइत या शास्त्रज्ञाने शेतकऱ्यांच्या वाणांतून काटेकोर निवड करत बियांतील तेलाचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपासवरून ५० टक्क्यांच्या वर नेले. कामगिरी थोर होती आणि तिला योग्य तो सन्मानही मिळाला. पण एकच तबकडी, न गळणारे बी आणि टपोरा दाणा हा त्याच्या कामाचा पाया आधीच बांधलेला होता, आणि तो बांधणाऱ्यांची नावे कोणी टिपली नव्हती.

१३/ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सूर्यफूल अमेरिकेला परत गेले, तेही ‘मॅमथ रशियन’ या नावाने. बियाणे विक्रेत्यांच्या सूचिपत्रांत ते झळकू लागले. जे पीक ज्या मातीत घडले, तेथेच ते परदेशी वाण म्हणून विकले गेले. त्याच काळात सरकारी धोरणामुळे हिदात्सा आपले गाव सोडून विखुरले जात होते आणि सामाईक वस्तीची जागा वैयक्तिक जमीनवाटप घेत होते.

१४/ बफेलो बर्ड वुमन १९३२मध्ये वारली. त्यानंतर दोन दशकांनी मिसूरीवर गॅरिसन धरण झाले. हिदात्सा, मंडन आणि अरिकारा या तिन्ही जमातींच्या राखीव क्षेत्रातील नदीकाठची सुपीक जमीन, सुमारे दीड लाख एकर, जलाशयाखाली गेली. करारावर सही होताना १९४८मध्ये जमातींचे अध्यक्ष जॉर्ज जिलेट यांनी चेहरा हाताने झाकला आणि ते रडले. ते छायाचित्र प्रसिद्ध आहे. तिचे जुने गावही त्याच पाण्याखाली आहे.

१५/ बियाण्याच्या बाबतीत दुसरे मोठे वळण १९६९मध्ये आले. फ्रान्सच्या पॅट्रिस लक्लेर्क यांनी एका रानटी जातीशी संकर करून नर-वंध्य सूर्यफूल मिळवले आणि त्यातून व्यापारी संकरित बियाण्याचा मार्ग खुला झाला. संकरित पीक जोमदार आणि एकसारखे येते. मात्र त्याचे राखलेले बी पुढच्या हंगामात तसेच उतरत नाही, म्हणून दरवर्षी नवे विकत घ्यावे लागते. चार हजार वर्षांची साखळी शेतकऱ्याच्या हातून सुटली ती येथे.

१६/ भारतात तेलबिया म्हणून सूर्यफूल आले तेही १९६९मध्ये, सोव्हिएत संघातून. त्यात पुस्तोवोइतच्या परंपरेतील ‘पेरेदोविक’ हा वाण होता. पुढे लातूरच्या तेलबिया संशोधन केंद्राने संकरित वाण दिले आणि मराठवाडा व सोलापूरच्या शिवारात पिवळे पट्टे दिसू लागले. १९९०च्या दशकात देशातील क्षेत्र वीस लाख हेक्टरांच्या पुढे गेले होते.

१७/ नंतर स्वस्त आयात तेल, रोग, पाखरांचा उपद्रव आणि सोयाबीनची ओढ यांमुळे हे क्षेत्र घसरत गेले. २०२२मध्ये युक्रेनवर आक्रमण झाले तेव्हा भारतात येणाऱ्या सूर्यफूल तेलाचा मोठा भाग त्याच देशातून येत होता. काळ्या समुद्रावरील बंदरे बंद होताच येथील किराणा दुकानात तेलाचे भाव कडाडले.

१८/ हिदात्सा, मंडन आणि अरिकारा हे शब्द आज सूर्यफुलाच्या वाणांची नावे म्हणूनही टिकून आहेत. अमेरिकेच्या सरकारी जनुकपेढीत ते बी थंड कोठारात जतन केलेले आहे आणि हौशी बागकाम करणारेही ते लावतात. ज्याला ते शुद्ध राखायचे असेल त्याला आजही तेच करावे लागते : एका जागी एकच वाण लावायचा, आसपास दुसरे सूर्यफूल नको, आणि सर्वांत चांगली तबकडी खाण्यासाठी न वापरता बियाण्यासाठी बाजूला ठेवायची.