शिक्रा: दरबारातला आणि बागेतला

तंजावरहून कुंभकोणमकडे जाताना वाटेत पापनाशम लागते. तेथील तिरुप्पालैत्तुरैच्या शिवमंदिराजवळ नायक राजांच्या काळचे धान्याचे भव्य गोल कोठार आजही उभे आहे. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावरची गादी घेतली आणि कावेरीकाठची ही भातशेती मराठ्यांकडे आली. जेथे धान्य तेथे चिमण्या-साळुंक्या, आणि जेथे त्या तेथे शिक्रा. हा क्रम मात्र राज्ये पालटली तरी पालटत नाही.

शिक्रा हा कबुतराएवढा शिकारी पक्षी. पाठ राखी, छातीवर तांबूस आडव्या रेघा. पानांआड दबा धरून बसावे आणि एकाएकी झेप घालून चिमणी, सरडा वा खार उचलावी, ही त्याची रीत. मादी नराहून मोठी. म्हणून जुन्या शिकाऱ्यांनी मादीला शिक्रा व नराला चिपका अशी निराळी नावे ठेविली. तामिळ लोक त्याला वल्लूरू म्हणतात.

कुमाऊंच्या रुद्रदेवाचा ‘श्यैनिकशास्त्र’ हा संस्कृत ग्रंथ हरप्रसाद शास्त्री यांनी १९१० मध्ये कलकत्त्यास प्रसिद्ध केला. त्यात शिकारी पक्ष्यांचे काळ्या डोळ्यांचे आणि पाटल डोळ्यांचे असे दोन वर्ग सांगितले आहेत. बहिरी पहिल्या वर्गातली. तिला मोकळे आकाश हवे. बाज, बाशा, शिक्रा दुसऱ्या वर्गातले. त्यांना झाडी मानवते. शिक्रा थोड्या दिवसांत शिकतो, हातावरून लाव्या-तित्तिरांवर सोडता येतो. म्हणून बहिरीचा थाट ज्यांना परवडत नसे, त्यांचाही तो सोबती झाला.

शिवछत्रपतींच्या अठरा कारखान्यांत अंबरखाना होता, तसा शिकारखानाही होता. त्यांच्या बंधूंच्या वंशात पुढे पाखराकडे पाहण्याची दृष्टी पालटली. दुसऱ्या सरफोजीराजांनी (१७९८–१८३२) पशुपक्ष्यांची चित्रे काढविली. त्यांतील काही रेसिडेंट टोरिन यांच्यामार्फत लंडनला कंपनीच्या ग्रंथालयात पोचली. १८२६ साली बिशप हेबर तंजावरास आले, तेव्हा लिनियस व बुफाँ यांचे दाखले सहज देणारा हा राजा उत्तम नेमबाजही आहे, हे पाहून ते चकित झाले. मनगटावरचे पाखरू कागदावर आले, हा बदल आम्हांस लढाईतील जयापजयापेक्षा कमी मोलाचा वाटत नाही. पहिल्यात हुकमत होती, दुसऱ्यात जिज्ञासा.

१८५५ मध्ये राज्य खालसा झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिक्रा पाळणेही बंद झाले. राजा गेला, बाजदार गेला. राहिला तो शिक्रा, कोणाच्याही चाकरीत नसलेला.

आपल्या मुलखाशी त्याचे आणखी एक नाते आहे. ‘पेरते व्हा’ असे सांगणारा आपला पावशा रंगरूपाने हुबेहूब शिक्र्यासारखा. तो दिसताच लहान पाखरे घाबरी होतात. तेव्हा बदलीच्या गावी, बंगल्याच्या आंब्यावर चिमण्यांचा एकाएकी गलका उठला, तर वाचकांनी क्षणभर वर पाहावे. शिक्रा असेल तर तंजावरचा इतिहास आठवेल; पावशा असेल तर गावाकडची पेरणी.