आणा आणि नवा पैसा : १ एप्रिल १९५७ या दिवसाचा विचार

इतिहासलेखनात दिवसाला स्वतंत्र स्थान क्वचितच मिळते. राज्यारोहण, लढाई, तह किंवा एखाद्या थोर पुरुषाचा मृत्यू यांच्या तारखा ग्रंथांत येतात. परंतु ज्या दिवशी कोणी मेले नाही, कोणी गादीवर बसले नाही, असा दिवस बहुधा नोंदीवाचून राहतो. तथापि सामान्य माणसाच्या व्यवहारात खोलवर बदल घडविणारे काही दिवस याच दुसऱ्या वर्गातले असतात. सोमवार, १ एप्रिल १९५७ हा अशा दिवसांपैकी एक होय. या दिवशी भारतात दशमान नाणेपद्धती अमलात आली. रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे आणि एकशे ब्याण्णव पै ही पिढ्यान्‌पिढ्यांची वाटणी कायद्याने संपली आणि रुपयाचे शंभर ‘नवे पैसे’ झाले. महाराष्ट्रात तोच दिवस गुढीपाडव्याचा होता. हा योगायोग केवळ कुतूहलाचा नाही. त्या एका सकाळी या प्रदेशातील माणूस किती निरनिराळ्या मोजण्यांच्या संधीवर उभा होता, हे त्यावरून कळते.

प्रथम कालगणनेचा विचार करू. डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने देशात प्रचलित असलेल्या अनेक पंचांगांचा अभ्यास करून १९५५ मध्ये आपला अहवाल दिला. त्यानुसार २२ मार्च १९५७ हा दिवस राष्ट्रीय दिनदर्शिकेतील १ चैत्र १८७९ ठरला. भारत सरकारचे राजपत्र आणि आकाशवाणी यांनी इंग्रजी तारखेबरोबर ही नवी तारीखही देण्यास आरंभ केला. या हिशेबाने १ एप्रिल हा ११ चैत्र होतो. घरोघरच्या पंचांगात मात्र त्या दिवशी चैत्र शुद्ध प्रतिपदा होती आणि हेमलंबी नावाचे संवत्सर सुरू होत होते. शक तोच, म्हणजे १८७९; महिन्याचे नावही तेच; परंतु शासनाचा सौर चैत्र दहा दिवस पुढे निघून गेला होता आणि लोकांचा चांद्र चैत्र त्या सकाळी गुढीबरोबर उभा राहत होता. खतावण्यांच्या दृष्टीने तोच दिवस सरकारी आर्थिक वर्षाचाही पहिला. अशा रीतीने एकाच दिवसाला तीन ओळखी होत्या, आणि त्यांपैकी कोणती खरी असा प्रश्न सामान्य माणसाला पडला नाही. कडुनिंबाचा पाला पंचांगाप्रमाणे खावा, पगार इंग्रजी तारखेप्रमाणे घ्यावा आणि शासनाची तारीख रेडिओवर ऐकावी, ही विभागणी त्याने सहज पत्करली.

नाण्यांच्या बाबतीत अशी विभागणी शक्य नव्हती. कोणते पंचांग पाळावे हे घरात ठरते. नाणे मात्र दोघांच्या हातांतून जाते, आणि त्याच्या किमतीविषयी दोघांचे एकमत असावे लागते. १९५५ च्या दुरुस्ती कायद्याने हा बदल मंजूर झाला होता आणि त्याच्या अंमलासाठी १ एप्रिल १९५७ हा दिवस मुक्रर करण्यात आला. आरंभी एक, दोन, पाच व दहा नव्या पैशांची नाणी व्यवहारात आली. एक नवा पैसा काशाचा, लहान व गोल. बाकीची तांबे-निकेल मिश्रधातूची. प्रत्येक नाण्यावर रुपयाशी त्याचे नाते हिंदीत कोरलेले होते: एकावर ‘रुपये का सौवां भाग’, दहावर ‘रुपये का दसवां भाग’. नाण्याने आपली किंमत सांगावी हे नेहमीचेच आहे. येथे नाणे अपूर्णांकाचा पाठही देत होते. शासनाला या बदलाची अडचण ठाऊक होती, याचा हा पुरावा मानता येईल.

परंतु अक्षरओळख नसलेल्या मोठ्या वर्गाला नाणे वाचून नव्हे, तर चाचपून ओळखण्याची सवय होती. जुना एक आणा कंगोरेदार कडेचा, दोन आण्यांची चवली व अर्धा आणा चौकोनी. नव्यांतील दोन व दहा पैसे कंगोरेदार आणि पाच पैसे चौकोनी. चौकोनी नाणे हातात आले असता ते तीन नव्या पैशांचे, पाचांचे की बाराचे, हे बोटांनी नव्याने शिकावे लागणार होते. शिवाय जुनी नाणी एका दिवसात नाहीशी झाली नाहीत. १९५० साली निघालेली अशोकस्तंभाची नाणी, त्यांतला घोड्याचा पैसा, आणि त्यापूर्वीची ब्रिटिश राजाची मुद्रा असलेली नाणी ही सर्व संक्रमणकाळात नव्यांच्या शेजारी चालू राहिली. बाजारबसवीच्या टोपलीत आणि वाण्याच्या गल्ल्यात दोन राज्यपद्धतींची आणि दोन गणितांची चिल्लर एकत्र पडत होती.

या दोन गणितांचा मेळ कोठे बसत होता? पावली म्हणजे पंचवीस, अधेली म्हणजे पन्नास, बारा आणे म्हणजे पंच्याहत्तर, एवढ्याच ठिकाणी तो तंतोतंत बसत होता. या टप्प्यांच्या मध्ये सर्वत्र अपूर्णांक होता. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, दोन आणे म्हणजे साडेबारा, तीन आणे म्हणजे पावणेएकोणीस. जुना पैसा तर १.५६२५ नव्या पैशांचा. नव्या पैशाहून लहान नाणे नसल्यामुळे हा अपूर्णांक कोणाच्या तरी पदरात पडणे अपरिहार्य होते. कायद्याने नियम घातला तो असा की, एका व्यवहारात दिलेल्या जुन्या नाण्यांची एकत्रित किंमत जवळच्या नव्या पैशापर्यंत धरावी आणि नेमका अर्धा पैसा उरल्यास तो सोडून द्यावा. त्यामुळे आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि सहा आण्यांचे सदतीस नवे पैसे झाले.

वरवर पाहता हा नियम निःपक्षपाती आहे. कारण कोणत्याही एका व्यवहारात अर्ध्या नव्या पैशाहून अधिक नफा अथवा तोटा कोणालाच होत नाही. तथापि त्याचा परिणाम व्यवहाराच्या आकारावर अवलंबून होता, आणि येथेच या दिवसाचा खरा सामाजिक प्रश्न उभा राहतो. शंभर रुपयांच्या खरेदीत अर्धा पैसा नगण्य आहे. एका पैशाच्या खरेदीत तो नगण्य नाही. जी वस्तू जुन्या एका पैशाला मिळत होती तिची किंमत जवळच्या पूर्णांकात मांडली की दोन नवे पैसे होते, म्हणजे ती अठ्ठावीस टक्क्यांनी महाग होते. रुपयात पूर्वी अशा चौसष्ट वस्तू येत. आता पन्नासच येणार. उलट आण्याच्या वस्तूची किंमत सहा नवे पैसे ठेवली तर विक्रेत्याला चार टक्के तूट सोसावी लागते. तेव्हा त्याचा कल सहाऐवजी सात मागण्याकडे असणे स्वाभाविक होते, आणि तसे झाल्यास गिऱ्हाइकाचा तोटा बारा टक्के होतो. जो महिन्याचा किराणा एकदम भरतो त्याचा हिशेब एकत्रित रकमेवर होतो व अपूर्णांक विरून जातो. जो रोजच्या मजुरीतून रोजचे तेल, मीठ, मिरची पुड्यांनी आणतो त्याला प्रत्येक पुडीवर तो अपूर्णांक भेटतो. सारांश, नाणेबदलाचा भार खरेदीच्या लहानपणाच्या प्रमाणात वाढत होता, आणि लहान खरेदी ही गरिबीची खूण होती.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण टपाल खात्याने पुरविले. त्याच दिवशी भारताच्या नकाशाचे चित्र असलेली, नव्या पैशांत किंमत छापलेली तिकिटे निघाली. पोस्टकार्ड पूर्वी नऊ पैंना, म्हणजे तीन जुन्या पैशांना मिळत असे. ते पाच नव्या पैशांचे झाले. नऊ पै म्हणजे ४.६८७५ नवे पैसे. तेव्हा ही वाढ नियमाला धरून होती. पाकिटाचा दर दोन आण्यांचा होता. तो तेरा नवे पैसे ठरला. येथे मात्र विसंगती होती. कायद्याच्या कोष्टकाप्रमाणे चवलीचे नवे पैसे बारा. म्हणून कालपर्यंत ज्या चवलीत पाकीट येत होते तिच्यात आज एक नवा पैसा घालणे भाग पडले. अर्धा पैसा घेताना शासनाने तो खाली सोडला आणि आकारताना वर ओढला, अशी सामान्य माणसाची समजूत झाली असल्यास ती निराधार म्हणता येत नाही. रक्कम क्षुल्लक होती. पण गावाकडे पत्र पाठविणाऱ्या गिरणी कामगाराला शासनाचा हिशेब प्रत्यक्ष भेटत होता तो या टपालाच्या खिडकीपाशीच.

धान्याचा बाजार या सुधारणेपासून त्या दिवशी अलिप्तच होता. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ च्या अखेरीस झालेला असला तरी त्याचा अंमल ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने होणार होता. म्हणून १ एप्रिल १९५७ रोजी दाणे पायली-शेराने मोजले जात होते, कापड वाराने, सोने तोळ्याने. फक्त किंमत दशमानात सांगायची होती. शेराच्या पावाची किंमत आण्याच्या पावाशी सहज जुळत असे, कारण दोन्ही पद्धतींचा पाया चारावर होता. शाळेतील पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी हे पाढे याच चतुर्मान जगासाठी रचलेले होते. नवी पद्धती लेखनाला सोपी होती. तोंडी हिशेबाला जुनी सोपी होती. सुधारणेचा लाभ कारकून, बँक आणि यंत्र यांना तत्काळ झाला. पाढे पाठ असलेल्या वाण्याचे व म्हाताऱ्या गृहिणीचे ज्ञान मात्र एका दिवसात जुने ठरले.

त्या दिवसांतील वर्तमानपत्रांचे लक्ष अर्थातच याहून मोठ्या गोष्टींकडे होते. दुसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीचे निकाल नुकतेच लागले होते. संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जबर धक्का दिला होता; मुंबईतून कॉम्रेड डांगे लोकसभेवर गेले होते; मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण कऱ्हाडमधून थोड्या मतांनी निवडून आले होते. तरीही १ नोव्हेंबर १९५६ रोजी अस्तित्वात आलेले द्विभाषिक राज्य गुजरात, विदर्भ व मराठवाडा यांच्या बळावर टिकून होते. केरळात निवडून आलेल्या कम्युनिस्ट पक्षाचे मंत्रिमंडळ चार दिवसांनी, ५ एप्रिलला, नंबुद्रीपाद यांच्या नेतृत्वाखाली अधिकारारूढ व्हायचे होते. आचार्य अत्रे यांचा ‘मराठा’ निघून साडेचार महिने झाले होते. दिल्लीवरील अविश्वास मराठी मुलखात तीव्र असताना दिल्लीचा नवा पैसा येथे आला, हे विसरता येत नाही.

करमणुकीच्या क्षेत्रातही हीच दुहेरी रचना दिसते. चित्रपटगृहांतील वर्ग आण्यांनी ओळखले जात. त्यांच्या दरांचे नव्या पैशांत रूपांतर झाले तरी बोलण्यात ते आण्यांचेच राहिले. फेब्रुवारीत गुरुदत्त यांचा ‘प्यासा’ प्रदर्शित झाला होता. आकाशवाणीवर केसकरांच्या धोरणामुळे चित्रपटगीते दुर्मीळ होती आणि त्यांसाठी श्रोते रेडिओ सिलोन लावीत. ‘विविध भारती’ त्याच वर्षी ऑक्टोबरात सुरू व्हायची होती. पुणे केंद्रावरून गदिमा व सुधीर फडके यांच्या ‘गीतरामायणा’चा आरंभ बरोबर दोन वर्षांपूर्वी, १ एप्रिल १९५५ रोजी, झाला होता. ज्या सिलोनची गाणी ऐकली जात तेथे रुपयाचे शंभर सेंट १८७२ पासून चालू होते, ही गोष्ट मात्र श्रोत्यांच्या क्वचितच ध्यानात आली असेल. उलट शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज सत्तेचा रुपया त्या दिवशीही सोळा तांग्यांचाच होता. त्याच कोकणपट्टीत, एकाच भाषेच्या माणसांत, सीमेच्या अलीकडे आणा कायद्याने गेला आणि पलीकडे तो दुसऱ्या नावाने राहिला.

पुढील घटनाक्रम थोडक्यात सांगता येतो. १ जून १९६४ पासून ‘नवा’ हे विशेषण गळाले आणि नुसता पैसा उरला. इंग्लंडने आपली नाणेपद्धती १९७१ मध्ये दशमान केली, म्हणजे भारताने हे पाऊल चौदा वर्षे आधी टाकले होते. पंचवीस व त्याहून कमी पैशांची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, आणि ज्या लहान नाण्यासाठी एवढा वाद झाला ते स्वतःच निरर्थक ठरले. भाषेत मात्र आणा टिकला. ‘सोळा आणे खरे’ हा प्रयोग, वडिलोपार्जित जमिनीतील ‘चार आणे हिस्सा’, आणि पिकाची ‘आणेवारी’ ही त्याची साक्ष आहे. शासकीय कागदांत आणेवारीची पैसेवारी झाली. शेतकऱ्याच्या तोंडी ती अद्याप आणेवारीच आहे.

यावरून निघणारा निष्कर्ष मर्यादित, पण महत्त्वाचा आहे. दशमान पद्धती योग्य होती आणि दीर्घकाळात तिचा लाभ सर्वांना झाला, याविषयी वाद नाही. परंतु सुधारणेचे मूल्यमापन करताना तिच्या अंतिम फळाबरोबर तिच्या पहिल्या दिवसाचा हिशेबही मांडला पाहिजे, आणि तो सरासरीने नव्हे, तर सर्वांत लहान व्यवहार करणाऱ्या माणसाच्या बाजूने मांडला पाहिजे. अर्ध्या पैशाची नोंद कोणत्याही अर्थसंकल्पात सापडणार नाही. ती पोस्टकार्डाच्या किमतीत, वाण्याच्या पुडीत आणि चवलीबरोबर पुढे सरकविलेल्या एका काशाच्या नाण्यात सापडते. सामान्य जीवनाच्या इतिहासाची साधने अशाच ठिकाणी शोधावी लागतात.