अफू, दमण आणि उधळलेली मोहीम : रोजेरियो द फारिया यांचा उदयास्त (थ्रेड)

मे १८३५. पावसाळा तोंडावर आला होता. देवगड, मालवण, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढून चुडतांखाली झाकून ठेवण्याचे हे दिवस. नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यात उतरायचे नाही, हा इथला पिढीजात नियम. नेमक्या याच दिवसांत शस्त्रधारी माणसांना घेऊन काही जहाजे मुंबईहून गोव्याच्या रोखाने निघाली. या मोहिमेमागे ज्यांचा पैसा होता ते ना सेनापती होते, ना राजपुरुष. ते मुंबईतील अफूचे बडे व्यापारी होते. नाव रोजेरियो द फारिया.

अफूच्या व्यापाऱ्याला गोव्याचे सरकार बदलावेसे का वाटले, हे समजण्यासाठी माळव्यापर्यंत मागे जावे लागते.

बंगाल-बिहारच्या अफूवर ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी होती. कलकत्त्यात कंपनी अफूचा लिलाव करी आणि खासगी व्यापारी ती चीनला नेत. चीनमध्ये अफूवर १७२९ पासून बंदी असल्याने कंपनी स्वतःच्या जहाजांना मात्र या मालाचा स्पर्श होऊ देत नसे. या सोज्ज्वळ व्यवस्थेत अडचण एकच होती. शिंदे-होळकरांच्या मुलखात, उज्जैन-मंदसोरच्या परिसरात पिकणारी माळव्याची अफू कंपनीच्या ताब्यात नव्हती आणि ती स्वस्त होती. ती चीनमध्ये पोहोचली की बंगालच्या अफूचा भाव घसरे. म्हणून १८०५ मध्ये कंपनीने मुंबईतून तिच्या निर्यातीला बंदी घातली.

बंदीने व्यापार थांबला नाही, त्याने बंदर बदलले. मुंबईच्या उत्तरेला दमण होते. तिथे पोर्तुगीजांचे निशाण फडकत होते आणि कंपनीचा हुकूम चालत नव्हता. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर कंपनीने माळव्यातील संस्थानिकांशी करार करून गुजरातकडे येणाऱ्या वाटा अडवल्या. तेव्हा अफू उंटांवरून मारवाडातील पालीमार्गे थेट कराचीला जाऊ लागली. कराची तेव्हा तालपूर मीरांच्या राज्यात होती. तिथून गलबतांतून दमण, आणि दमणहून मोठ्या जहाजांतून मकाव व लिंटिन. नकाशावर पाहिले तर हा वळसा वेडेपणाचा वाटतो. व्यापाऱ्यांना तो तरीही परवडत होता, यावरून नफ्याचा अंदाज यावा.

या वाटेचे शेवटचे कुलूप ज्यांच्या हाती होते ते फारिया. १७७० चा जन्म, मूळ गोव्याचे. भाषा, धर्म आणि ओळखी या तिन्हींमुळे पोर्तुगीज अधिकाऱ्यांची दारे त्यांना उघडी होती. जमशेटजी जीजीभाई यांनी १८१८ मध्ये मोतीचंद अमीचंद आणि महंमद अली रोगे यांच्यासह पेढी उभारली. पुढे फारिया तिच्यात सामील झाले. ही भागीदारी बारकाईने पाहण्यासारखी आहे. मोतीचंद यांचे लागेबांधे माळव्याच्या बाजारपेठेत, कोकणी मुसलमान असलेल्या रोगे यांचे जहाजांच्या नाखवांशी, जमशेटजींचे कँटनच्या व्यापारी वर्तुळात, आणि फारियांचे दमणच्या सत्तेशी. जैन, मुसलमान, पारशी आणि ख्रिस्ती. मुंबईच्या सर्वधर्मीय सहकार्याचे गोडवे गाताना या पेढीचा दाखला सहसा दिला जात नाही.

आजच्या वाचकाच्या ओठांवर येथे ‘तस्कर’ हा शब्द येईल. फारियांना तो विचित्र वाटला असता. दमणमध्ये ते रीतसर जकात भरत होते. कंपनीच्या लेखी ते जे करत होते ती तस्करी होती. कंपनी स्वतः चीनबाबत जे करवून घेत होती तो व्यापार होता.

शेवटी कंपनीने ही गोष्ट बंदुकीने नव्हे, दरपत्रकाने सोडवली. १८३०-३१ पासून तिने बंदी उठवून परवाना पद्धत आणली. पेटीमागे १७५ रुपये भरा आणि अफू खुशाल मुंबईतून पाठवा. माळव्याहून मुंबईची वाट सरळ आणि जवळची होती. दमणकडे वळण्याचे कारण उरेना, तेव्हा १८३५ मध्ये कंपनीने शुल्क १२५ रुपयांवर आणून स्पर्धा आणखी कठीण केली. जमशेटजी नव्या व्यवस्थेत सहज रुळले. फारियांचे भांडवल मात्र दमण हेच होते. दमण टिकवायचे तर तिथली जकात आणि सवलती ठरवणारी सत्ता आपल्या माणसाच्या हाती हवी होती, आणि ती सत्ता पणजीत होती.

तशी संधी आलीही. पोर्तुगालमध्ये उदारमतवादी पक्ष विजयी झाला आणि नेवऱ्याचे बेर्नार्दु पेरिश द सिल्वा गोव्याचे प्रीफेक्ट नेमले गेले. पोर्तुगीज अमलात या भूमीचा मूळचा माणूस सर्वोच्च पदावर बसण्याचा हा एकमेव प्रसंग. १४ जानेवारी १८३५ रोजी त्यांनी सूत्रे घेतली आणि १ फेब्रुवारीला लष्करी उठावात ती गमावली. अवघे सतरा दिवस. हद्दपार होऊन ते मुंबईला आले. दरम्यान मे महिन्यात गोव्यात गास्पार दियाशच्या किल्ल्यात त्यांच्या समर्थकांची कत्तल झाली. फारियांनी थैल्या मोकळ्या केल्या. त्यात व्यापारी हिशेब होता, तसाच गोवेकर म्हणून अभिमानही असावा. दोन्ही वेगळे काढणे अवघड आहे.

ताफा निघाला तो मेच्या अखेरीस. मुंबई ते गोवा या वाटेवर आजच्या सिंधुदुर्गाचा किनारा शेवटच्या टप्प्यात येतो. मालवणसमोर पाण्याखालचे खडक, पुढे निवती-वेंगुर्ल्याच्या समोर खोल पाण्यातून वर आलेली खडकांची रांग, आणि त्यांवर तेव्हा दीपगृहही नव्हते. अशा वाटेने, अशा दिवसांत जायला मालवणचा साधा तांडेलही तयार झाला नसता. थांबले असते तर चार महिने गेले असते आणि गोव्यातील विरोधक स्थिरावले असते, ही घाई समजण्यासारखी आहे. पण वादळ आले, ताफा उधळला आणि मोहीम एकही लढाई न करता संपली. पेरिश द सिल्वा यांचा अधिकार पुढे १८३७ पर्यंत दमण आणि दीवपुरता उरला.

फारियांचा पैसा समुद्रात गेला आणि तो भरून काढणारा दमणचा व्यापार आटत होता. १८३९ मध्ये आयुक्त लिन त्सशू यांनी वीस हजारांहून अधिक पेट्या जप्त करून हूमेन येथे नष्ट केल्या, तेव्हा मुंबईचा सारा अफूबाजार हादरला. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकला. कराचीची वाट बंद झाली आणि दमणचे अफूबंदर म्हणून आयुष्य संपले.

जमशेटजी १८४२ मध्ये ‘सर’ झाले, १८५७ मध्ये बॅरोनेट. माहीमचा कॉजवे, जे. जे. रुग्णालय आणि कलाशाळा या रूपाने त्यांचे नाव मुंबईच्या रोजच्या बोलण्यात राहिले. फारियांची पेढी बुडाली आणि १८४८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच्या आदल्याच वर्षी कंपनीने पेटीमागचे शुल्क ४०० रुपये केले होते. पळवाट उरली नसल्याने व्यापाऱ्यांनी ते भरले.