नुरा कुस्ती आणि खरी कुस्ती

उर्दू वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना ‘नूरा कुश्ती’ हा शब्द चांगला परिचयाचा आहे. दोन पैलवानांनी हार-जीत आधीच ठरवून लोकांसमोर केलेली कुस्ती म्हणजे नुरा कुस्ती. दोन राजकीय पक्ष वरवर भांडू लागले की उर्दू संपादक हाच शब्द वापरतात. मराठी बातमीदार सभागृहात खुर्च्या उडाल्या की ‘फ्रीस्टाईल हाणामारी’ असे लिहितो. एक शब्द संगनमताचा, दुसरा बेबंद मारामारीचा. गंमत अशी की मुंबईत ‘फ्रीस्टाईल’ म्हणून गाजलेली कुस्ती बरीचशी नुरा कुस्तीच होती. खऱ्याखोट्याची ही सरमिसळ जुनी आहे, आणि तिचा इतिहास पाहिला तर आजच्या सिनेमाविषयीही काही उमगते.

माझे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, मिरजेहून अंबरनाथला विम्कोच्या काडेपेटीच्या कारखान्यात नोकरीला आले. लाल मातीत वाढलेला माणूस. शाहू महाराजांनी कोल्हापुरात उभारलेल्या खासबाग मैदानातल्या कुस्त्या त्यांनी लहानपणी पाहिल्या होत्या. कुस्तीचा विषय निघाला की ते गामापासून सुरुवात करीत. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा झिबिस्को यांची कुस्ती झाली. झिबिस्को अडीच तासांहून अधिक वेळ जमिनीला चिकटून राहिला. गामाला त्याला उताणे करता आले नाही. आठवड्याने पुन्हा लढायचे ठरले तेव्हा झिबिस्को आलाच नाही आणि पट्टा गामाला मिळाला. पुढे १९२८ साली पतियाळात दोघे पुन्हा समोरासमोर आले. त्या वेळी गामाने त्याला मिनिटभराच्या आत चीत केले. दादा म्हणत, ‘‘अडीच तास लोक कंटाळले, म्हणूनच ती कुस्ती खरी.’’ खऱ्या कुस्तीला तिकीट काढणाऱ्याची पर्वा नसते. ती कधी मिनिटात संपते, तर कधी संपतच नाही.

तिकीट विकणाऱ्यांची हीच अडचण होती, आणि तिच्यावरचा उपाय म्हणजे ठरवून केलेली कुस्ती. तिच्यात कुणीतरी सज्जन लागतो, कुणीतरी खलनायक लागतो, आणि सज्जनाने आधी भरपूर मार खावा लागतो. पन्नास-साठच्या दशकांत मुंबईला दारासिंग हा सज्जन मिळाला आणि हंगेरीत जन्मलेला अवाढव्य किंगकाँग हा खलनायक. २९ मे १९६८ रोजी मुंबईत दारासिंगने अमेरिकेच्या लू थेझला हरवले आणि तो ‘जगज्जेता’ ठरला. वास्तविक अमेरिकेतल्या नॅशनल रेसलिंग अलायन्सचे जगज्जेतेपद थेझने जानेवारी १९६६ मध्येच जीन किनिस्कीकडे गमावले होते. दादा सुट्टीच्या दिवशी लोकल पकडून वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये या कुस्त्या पाहायला जात. मी एकदा विचारले, ‘‘दादा, त्या खऱ्या होत्या का?’’ ते म्हणाले, ‘‘बेटी, ताकत खरी होती. निकालाचं मला विचारू नकोस.’’ हे उत्तर तेव्हा मला टाळाटाळीचे वाटले होते.

सिनेमानेही प्रेक्षकांशी असाच करार केला होता. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात लागलेल्या ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाचा नायक मास्टर विठ्ठल हा मूकपटांतला मारामारीचा बादशहा. त्याचे उर्दू उच्चार जमेनात, म्हणून त्याच्या तोंडी फारसे संवाद ठेवले गेले नाहीत. बोलपटाचा नायकच अबोल! उर्दूची शिक्षिका म्हणून मला याचे हसू येते, पण गर्दी आवरायला पोलिस बोलवावे लागले होते. तीस वर्षांनी ‘किंगकाँग’ (१९६२) आणि ‘फौलाद’ (१९६३) या चित्रपटांतून दारासिंग नायक झाला, तेव्हाही त्याचे पंजाबी वळणाचे उच्चार ही निर्मात्यांची डोकेदुखी होती. समीक्षकांनी त्याच्या अभिनयाला कधी मोठे मानले नाही. स्वस्त तिकिटाच्या प्रेक्षकाला त्याची फिकीर नव्हती. तो शरीर पाहायला येत होता आणि ते शरीर खोटे नव्हते. १९८७-८८ मध्ये दूरदर्शनच्या ‘रामायणा’त हाच माणूस हनुमान झाला आणि घराघरात पोहोचला.

आमच्या पिढीला मिळाली ती केबलवरची अमेरिकन कुस्ती. अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या गल्लीत भाऊ आणि त्याचे दोस्त पैलवानांच्या चित्रांचे पत्ते खेळत. उंची, वजन, छाती हे आकडे त्यांना पाढ्यांपेक्षा अधिक पाठ. अंडरटेकर मरून पुन्हा उठतो, यावर कितीतरी वाद. २१ मे २००६ रोजी आपल्या खलीने अंडरटेकरला हरवले तेव्हा ती बातमी गल्लीत ईदसारखी फिरली. पुढे कळले की या कंपनीने १९८९ सालीच न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे आपला कार्यक्रम ही क्रीडा नसून करमणूक असल्याचे मान्य केले होते. क्रीडा आयोगाची देखरेख आणि कर टाळायचे, तर खरे बोलणे सोयीचे होते. तरीही प्रेक्षक कमी झाले नाहीत. भावाला मी हे ऐकवले तेव्हा तो म्हणाला, ‘‘मालूम है. पर गिरता तो सच में है ना?’’ दादांचेच उत्तर त्याने दुसऱ्या शब्दांत दिले.

याउलट २०१६ हे वर्ष पाहा. त्या वर्षी कुस्तीवरचे दोन प्रचंड चित्रपट आले. ईदला ‘सुलतान’ आणि डिसेंबरात ‘दंगल’. ‘सुलतान’ ही कल्पित कथा, तिला कुणी इतिहास मानले नाही. ‘दंगल’ फोगाट कुटुंबाच्या खऱ्या आयुष्यावर बेतलेला. आमिर खानने त्यासाठी वजन वाढवले आणि उतरवले. झायरा वसीम आणि फातिमा सना शेख या मुली महिनोन् महिने कुस्ती शिकल्या, आणि झायराला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मेहनत नि:संशय खरी. हा चित्रपट मलाही आवडतो.

गेल्या वर्षी आठवीच्या वर्गात ‘इतिहासाची साधने’ शिकवताना चित्रपटाचा विषय निघाला. मुलींनी ‘दंगल’चे नाव घेतले. गीताच्या अंतिम लढतीच्या वेळी कपटी प्रशिक्षक वडिलांना खोलीत कोंडतो आणि शेवटच्या काही सेकंदांत ती पाच गुणांचा डाव टाकून जिंकते, हे सर्वांना तोंडपाठ. हे घडले असे किती जणींना वाटते, म्हणून विचारले. सगळे हात वर.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर नोंद लिहिली. दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धा, ७ ऑक्टोबर २०१०, ५५ किलो वजनगट, अंतिम लढत. गीता फोगाट विरुद्ध ऑस्ट्रेलियाची एमिली बेनस्टेड. पहिली फेरी १-०, दुसरी ७-०. तिसऱ्या फेरीची गरजच पडली नाही. राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचे सुवर्णपदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. वडिलांना कुणी कोंडले नव्हते. त्या वेळच्या प्रशिक्षकांनी या चित्रणावर जाहीर नाराजीही व्यक्त केली होती.

वर्ग थोडा वेळ गप्प होता. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘‘टीचर, फिर तो असलीवाली ज्यादा भारी थी!’’

इतक्या वर्षांत मला जे नीट मांडता आले नव्हते, ते या मुलीने एका वाक्यात मांडले. ७-० ची कुस्ती पडद्यावर रंगत नाही, म्हणून गीताला थोडे दुबळे करावे लागले आणि कुठेतरी एक खलनायक उभा करावा लागला. ही वरळीच्या स्टेडियममधलीच युक्ती. फरक एवढाच की तिथल्या प्रेक्षकाला आपण काय पाहतो आहोत याचा अंदाज होता, आणि त्या खेळात खलनायकाने आपल्या वाटणीचे पैसे घेतलेले असत. ‘दंगल’मधल्या प्रशिक्षकाचे नाव बदलले, तरी खऱ्या प्रशिक्षकांकडे बोट गेलेच, आणि त्यांनी कसलाच करार केलेला नव्हता.

नुरा कुस्तीला माझा विरोध नाही. दादांनी ती आनंदाने पाहिली, भावाने पाहिली, मीही पाहिली. ज्याला ती नुरा आहे हे ठाऊक आहे, त्याची फसवणूक होत नाही. फसतो तो ‘खऱ्या घटनेवर आधारित’ ही पाटी वाचून नोंदवही मिटणारा. आमच्या वर्गात यंदापासून एक रिवाज सुरू केला आहे. ऐतिहासिक म्हणून गाजलेला कोणताही चित्रपट पाहून आलेल्याने त्यातली एक घटना नोंदींत शोधून फळ्यावर लिहायची. पहिले नाव त्या मागच्या बाकावरच्या मुलीनेच दिले आहे.