रोडग्यांचे रान आणि वाघाचे रान



सुट्टी लागली की आपल्या पिंपळगाव राजाकडची, खामगाव-मोताळ्याकडची कुटुंबे मुलाबाळांसह ज्ञानगंगा अभयारण्याची वाट धरतात. अशा सहलीस इतिहास तो कसला, असे कोणी विचारील. परंतु रानात कोणी जावे आणि कोणाच्या परवानगीने जावे, हा प्रश्न फार जुना आहे. आजची सहल हे त्या प्रश्नाचे अलीकडचे उत्तर होय.

आपला मुलूख पयानघाटाचा. दक्षिणेस बालाघाटाची डोंगरकड उभी आहे आणि तिच्या अंगाखांद्यावर हे सागाचे रान आहे. पूर्वी तेथे जावयास कारण लागे: सरपण, गवत, मोह, डिंक. रिकामपणी जाणे होई ते वनभोजनाच्या निमित्ताने. कार्तिकात आवळीखाली पंगत बसे. गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजावे, सोबत वांग्याची भाजी व वरण असावे, हा तर आपल्या वऱ्हाडाचा थाटच आहे.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड कंपनीच्या हवाली केला. पुढे इंग्रजी अमलात रानांची वर्गवारी झाली: लाकूडफाट्याचे रान वेगळे, गवताचे रमणे वेगळे, गुराचराईचे वेगळे. ही कागदोपत्रीची भाषा इतकी रुजली की गावच्या गायरानास आपण आजही ‘ई-क्लास’ म्हणतो. सरपणाची मोळी परवान्याची बाब झाली आणि शिकार ही साहेबांची व बड्या असामींची करमणूक ठरली. बंदूक घेऊन जाणाऱ्यासाठी रानात परवाना होता. मुलाचे बोट धरून नुसते पाहावयास जाणाऱ्याची मात्र सरकारदरबारी दखल नव्हती.

हे चित्र पालटले ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने. अभयारण्यात अभ्यासासाठी, छायाचित्रणासाठी आणि पर्यटनासाठी परवानगी घेऊन जाता येते, असे त्यात लिहिले गेले. १९९७ साली सुमारे २०५ चौरस किलोमीटरचे आपले रान ज्ञानगंगा अभयारण्य झाले. अस्वल, बिबट्या, तडस, रोही हे तेथील रहिवासी. सामान्य कुटुंबास रानात हक्काची जागा मिळाली ती अशी. मात्र अभयारण्यास धोका पोहोचेल असा विस्तव पेटविण्यास याच कायद्याने मनाई केली, आणि रोडग्यांचा आर रानाबाहेर आला. पुष्कळांस हे जाचक वाटते. पण फाल्गुन-चैत्रात सागाचा पाला कोरडा ठणठणीत असतो, आणि त्याच दिवसांत अस्वले मोहाच्या फुलांसाठी झाडाखाली येतात, हे ध्यानात घेतले म्हणजे मनाईचे कारण कळते.

आता एका पाहुण्याची हकीकत सांगतो. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातील एका तरुण वाघाच्या गळ्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओचा पट्टा बांधला होता. जूनमध्ये तो निघाला. तेलंगणातील आदिलाबाद, मग नांदेड, हिंगोली असे करीत, शेते, नाले व रस्ते ओलांडीत तो डिसेंबरात ज्ञानगंगेत पोहोचला. एप्रिल २०२० मध्ये पट्टा काढला तोवर त्याची चाल सुमारे ३,००० किलोमीटर भरली होती. तो विसावला होता त्या झुडपात शिरलेला एक मनुष्य जखमी झाला, एवढाच काय तो प्रसंग. येथे त्यास भक्ष्य मिळाले, पाणी मिळाले. पण त्या वेळी या रानात दुसरा वाघ नव्हता. उत्तरेस मेळघाटात वाघ आहेत खरे, परंतु मध्ये पूर्णाकाठची सारी शेती पसरली आहे.

मंडळी, आपण सकाळी जाऊन सायंकाळी घरी परतू शकतो. त्या वाघास परतावयाचे घर दुसरे नव्हते. म्हणून रोडग्यांची पंगत शेतात, आपल्या मळ्यात बसवावी. रानात जाताना दशम्या आणि ठेचा फडक्यात बांधून न्यावा, फडके परत आणावे. मुलांना आवाज न करता पाणवठ्यापाशी उमटलेले पाऊल दाखवावे. एवढे साधले तर दीडशे वर्षांनी उघडलेले हे दार आपल्या नातवंडांसाठीही उघडे राहील.