एनसी थिनर, जोंगा आणि हवेचा ब्रश



रंगाच्या दुकानात थिनरच्या डब्यावर 'एनसी' अशी दोन अक्षरं असतात. गॅरेजवाला, सुतार, फर्निचरला पॉलिश करणारा, सगळेच 'एक लिटर एनसी द्या' म्हणतात. एनसी म्हणजे काय, हे सहसा कुणी विचारत नाही. एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज, आणि एनसी थिनर म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा रंग पातळ करायचं द्रावण. आपल्यातल्या तोफखान्याच्या आणि ऑर्डनन्सच्या मंडळींचे कान इथे टवकारले असतील. कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया केली की गनकॉटन तयार होतं. १८४६ मध्ये बाझेलच्या शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने ते जगापुढे आणलं. १८८९ मध्ये त्यात नायट्रोग्लिसरीन मिसळून कॉर्डाइट झालं. निलगिरीतल्या अरुवनकाडूची कॉर्डाइट फॅक्टरी त्यासाठीच उभी राहिली. रंगासाठी वापरतात त्या नायट्रोसेल्युलोजमध्ये नायट्रोजनचं प्रमाण कमी असतं, एवढाच फरक. बाकी काडतुसातली दारू आणि गाडीचा रंग यांचं गोत्र एकच.

सध्या पोस्टिंग जयपूरला आहे आणि मुक्काम प्रताप नगरमध्ये. सांगानेरच्या बाजूची ही हाउसिंग बोर्डाची मोठी वसाहत. सुटीच्या दिवशी सकाळी माझा एकच उद्योग असतो, तो म्हणजे छोट्या गाड्यांच्या बॉडी घासणं आणि रंगवणं. हा नाद खडकवासल्याला प्रबोधिनीत असताना एरोमॉडेलिंगपासून लागला. पुढे विमानं सुटली आणि गाड्या आल्या. या छंदातल्या नव्या मंडळींचा मला हमखास प्रश्न असतो, 'सर, एअरब्रश कुठला घ्यावा?' शस्त्र हातात घेण्याआधी ते कशासाठी बनलं हे समजून घ्यावं, अशी आपल्याला शिकवण आहे. म्हणून आधी इतिहास आणि मग खरेदी.

रंग फवारण्याच्या यंत्राचं पहिलं पेटंट १८७६ चं, फ्रान्सिस एडगर स्टॅन्ली या अमेरिकी गृहस्थाच्या नावावर. त्याला फोटोंवर रंग चढवायचे होते. तेव्हा फोटो कृष्णधवल असत आणि ते मोठे करून हाताने रंगवून विकण्याचा मोठा धंदा चाले. पुढे याच स्टॅन्लीने आपल्या जुळ्या भावाबरोबर वाफेवर चालणारी मोटार काढली, ती प्रसिद्ध 'स्टॅन्ली स्टीमर'. म्हणजे रंगाचा फवारा आणि मोटारगाडी एकाच माणसाच्या डोक्यातून निघाली, फक्त त्याने दोन्हींची गाठ घातली नाही.

त्यानंतर आयोवातल्या एबनर पीलर नावाच्या सोनारकाम जाणणाऱ्या माणसाने घरातल्या किडुकमिडुक वस्तूंमधून एक हत्यार जुळवलं. शिवणयंत्राची सुई, चमचा, स्क्रूड्रायव्हर, जे हाताला लागलं ते. त्याचे हक्क लिबर्टी वॉकअपने घेतले, त्यात सुधारणा केल्या आणि इलिनॉयमधल्या रॉकफर्ड गावात कारखाना काढला. 'एअर ब्रश' हे नाव त्याच्या काळातलं. १८९३ मध्ये चार्ल्स बर्डिकने पेनसारखा धरायचा, आतल्या आत हवा आणि रंग मिसळणारा एअरब्रश केला. आज आपण जो हातात धरतो तो मूळ याचाच वंशज. १९०४ मध्ये शिकागोत पाशे कंपनी निघाली, १९२६ मध्ये जपानमध्ये इवाता. दोन्ही नावं आजही दुकानात आहेत.

या सगळ्यांचं गिऱ्हाईक एकच होतं, फोटो आणि चित्र. एअरब्रशचं काम म्हणजे ब्रशचा फटका न दिसता एक छटा दुसरीत विरघळवणं. घरी जुने दिवाळी अंक असतील तर रघुवीर मुळगावकरांची मुखपृष्ठं काढून बघा. गालावरचा उजेड कुठे संपतो आणि सावली कुठे सुरू होते, ते बोटाने दाखवता येत नाही. एअरब्रशकडून अपेक्षा असते ती अशा उतरत्या छटेची.

या हत्याराची एक काळी बाजूही आहे. मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठी स्टालिनच्या शेजारी उभा असलेला येझोव्ह, त्याचा गुप्त पोलीसप्रमुख, फोटोतून नंतर नाहीसा झाला. १९४० मध्ये त्याला गोळी घातली गेली आणि फोटोत त्याच्या जागी कालव्याचं पाणी रंगवलं गेलं. इंग्रजीत 'एअरब्रश केलं' याचा एक अर्थ 'इतिहासातून पुसलं' असाही होतो, तो अशाच कामांमुळे.

आता गाडीकडे येऊ. पहिल्या महायुद्धाआधी मोटारीला रंग देणं म्हणजे आठवड्यांचं काम. तेलाचा रंग ब्रशने लावायचा, वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा लावायचा. फोर्डची मॉडेल टी बरीच वर्षं फक्त काळ्या रंगात मिळत होती. युद्ध संपलं तेव्हा अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीकडे बंदुकीच्या दारूचे प्रचंड कारखाने होते आणि दारूला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. ड्यूपाँचा जनरल मोटर्समध्ये मोठा हिस्साही होता. नायट्रोसेल्युलोजपासून पातळ, झटपट वाळणारा, रंगीत लॅकर तयार झाला आणि १९२३ मध्ये जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्या निळ्या रंगात बाजारात आल्या. रंगाचं नाव होतं 'ड्युको'. आठवड्यांचं काम तासांवर आलं. पण हा रंग इतक्या लवकर वाळे की ब्रशने पसरवणं अवघड, म्हणून तो गनने मारायचा. फवारा आणि मोटार यांची गाठ खऱ्या अर्थाने पडली ती इथे. आपल्याकडे आजही सुतार 'ड्युको मारून देतो' म्हणतो, तो हाच ड्युको. शंभर वर्षांपूर्वीच्या एका कंपनीच्या डब्यावरचं नाव आपल्या कपाटाच्या दारावर राहून गेलं आहे.

सध्या माझ्या टेबलावर जोंगा आहे. निवृत्त मंडळींना ओळख करून द्यायला नको. तरुण वाचकांसाठी सांगतो, निसान पेट्रोलच्या धर्तीवर जबलपूरला बनलेली आपली गाडी. जोंगा हे नावच 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली' या शब्दांच्या आद्याक्षरांचं. सहा सिलिंडरचं जवळजवळ चार लिटरचं पेट्रोल इंजिन. वाळूत चालायची, पेट्रोलही तसंच प्यायची. हे मॉडेल मी बनवतोय ते सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त सुभेदार साहेबांसाठी. त्यांनी नोकरीची ऐन वर्षं जैसलमेरच्या बाजूला जोंगा चालवण्यात काढली. आता एका डोळ्याने दिसत नाही, दुसऱ्याचं ऑपरेशन व्हायचं आहे. फोनवर म्हणाले, "साहेब, दुकानात हिरवी जीप मिळती, पण ती खेळण्यातली. माझ्या गाडीचं बॉनेट उन्हानं फिकं पडलं हुतं, अन् दाराच्या कडंला रोज हात लागून चकाकी आल्ती. तसं करता येतंय का बघा. डोळा हाय तवर बघून घेतो." मी म्हटलं, "साहेब, करू."

एअरब्रश निवडायचा तो या बॉनेटसाठी. आता मुद्द्यांवर येतो.

पहिला मुद्दा रंगाच्या जाडीचा. खऱ्या गाडीवर प्रायमरपासून वरच्या क्लिअरपर्यंत सगळे थर मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन होतात. तेवढीच जाडी १:२४ च्या मॉडेलवर बसली, तर खऱ्या गाडीच्या हिशेबाने ती जवळजवळ ३ मिलिमीटर झाली. दाराच्या फटी बुजतात, बिजागऱ्या गोल होतात आणि गाडी साबणाच्या वडीसारखी दिसते. डब्यातल्या स्प्रेने हेच होतं, कारण त्याचा जोर आणि रंगाचं प्रमाण आपल्या हातात नसतं. एअरब्रशने अगदी पातळ थर एकावर एक देता येतात.

दुसरा मुद्दा घोड्याचा, म्हणजे बोटाखालच्या बटणाचा. सिंगल ॲक्शनमध्ये बटण दाबलं की हवा आणि रंग एकदम येतात, रंगाचं प्रमाण मागच्या स्क्रूने आधीच ठरवायचं. डबल ॲक्शनमध्ये दाबलं की हवा, मागे ओढलं की रंग. एकाच रंगाची बॉडी मारायची असेल तर सिंगल ॲक्शन पुरतो. पण मधे फिकं आणि कडेला गडद असं बॉनेट हवं असेल, तर रंग चालत्या हाताने कमी-जास्त करता आला पाहिजे. तिथे डबल ॲक्शनला पर्याय नाही. हात बसायला आठ-दहा दिवस लागतात. जुन्या वर्तमानपत्रावर ठिपके आणि रेघा काढत बसा. फायरिंग रेंजवर जाण्याआधी ड्राय प्रॅक्टिस करतो, तसंच हे.

तिसरा मुद्दा कप आणि सुईचा. वर कप असलेला ग्रॅव्हिटी फीड घ्या. रंग आपल्या वजनाने उतरतो, कमी दाबावर काम होतं आणि वाया कमी जातो. खाली बाटली लटकणारा सायफन फीड मोठ्या कामाला बरा, म्हणजे १:१० ची रिमोटवर चालणारी मोठी बॉडी असेल तर. सुई ०.३ मिलिमीटरची सर्वसाधारण कामाला उत्तम. प्रायमर, मेटॅलिक आणि क्लिअर यांना ०.५ सोयीची. ०.२ ची सुई नव्याने शिकणाऱ्याने घेऊ नये, ती सारखी तुंबते. ज्याच्या सुया, नोझल आणि वॉशर सुटे मिळतात तोच एअरब्रश घ्या. स्पेअर पार्ट नसलेली गाडी कॉन्व्हॉयमध्ये कुणी घेत नाही.

चौथा मुद्दा कॉम्प्रेसरचा. लोक एअरब्रशवर पैसे घालतात आणि कॉम्प्रेसर कसलाही आणतात. टाकी असलेला घ्या, नाहीतर हवा ठोके देत येते आणि रंगात लाटा उमटतात. दाब कमी-जास्त करायचा रेग्युलेटर आणि पाणी अडवणारा फिल्टर हवाच. बहुतेक काम १५ ते २५ पीएसआयमध्ये होतं. हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होऊन बसते, त्याचा एक थेंब बॉडीवर पडला की थर खरवडून पुन्हा सुरुवात.

पाचवा मुद्दा हवामानाचा. जयपूरच्या मे महिन्यात ॲक्रिलिक रंगाचा थेंब बॉडीवर पोचण्याआधी हवेतच वाळतो आणि पृष्ठभाग वाळूच्या कागदासारखा खरखरीत होतो. सुईच्या टोकावरही रंग धरतो. उपाय असे, पहाटे काम करा, रंगात रिटार्डर घाला, अंतर कमी ठेवा, दाब उतरवा. कूलर बंद ठेवा, त्याच्या झोताने फवारा भरकटतो आणि हवाही दमट होते. दमट हवेत लॅकर पांढरट पडतो, हे कोकणातल्या पेंटरला पावसाळ्यात सांगावं लागत नाही. आंधी आली की काम थांबवायचं. एरवी सुरुवात करण्याआधी जमिनीवर पाणी शिंपडायचं, धूळ बसते. ही युक्ती गॅरेजमधल्या पेंटरांची, कुठल्याही पुस्तकाआधीची.

सहावा मुद्दा रंगाचा. दुकानातलं एनसी थिनर पॉलिस्टायरिनच्या मॉडेलवर वापरू नका, प्लॅस्टिक विरघळतं. रिमोटच्या गाड्यांच्या पारदर्शक पॉलिकार्बोनेट बॉडीला त्याच प्लॅस्टिकसाठी बनवलेला रंगच लागतो. तो आतून मारायचा असतो, म्हणून क्रम उलटा. आधी पट्टे आणि बारकावे, मग मुख्य रंग, शेवटी पाठीमागे पांढरा किंवा चंदेरी.

शेवटचा मुद्दा फुप्फुसांचा, आणि हा मी आदेशाच्या सुरात लिहितोय. कापडी मास्क धुळीसाठी असतो, थिनरच्या वाफा त्यातून सरळ आत जातात. सेंद्रिय वाफांसाठीचे कार्ट्रिज असलेला रेस्पिरेटर लावा, खिडकीकडे ओढणारा पंखा ठेवा, आसपास ज्योत नको. चकाकीसाठी काही जण गाड्यांचं हार्डनरवालं टू-के क्लिअर वापरतात. त्यात आयसोसायनेट असतं, त्याने दमा लागू शकतो आणि एकदा शरीर बिथरलं की पुढे थोड्या वाफेनेही त्रास होतो. घराच्या खोलीत, मुलं झोपतात तिथे, ते मारू नका. आपल्या गाड्या रंगवणाऱ्या वर्कशॉपमधल्या किती जणांनी तोंडाला नुसता रुमाल बांधून वर्षं काढली, हे आपण पाहिलं आहे.

मी घेतला आहे तो डबल ॲक्शन, ग्रॅव्हिटी फीड, ०.३ सुईचा, जोडीला ०.५ चा सेट. कॉम्प्रेसर टाकीवाला. जोंगाच्या बॉडीला प्रायमर झालाय, दारांच्या कडांना गडद थर बसलाय. बॉनेटसाठी ऑलिव्ह ग्रीनमध्ये पिवळसर मातकट रंग थोडा थोडा वाढवत पाच पट्ट्या तयार केल्या आणि उजेडात फोटो काढून सुभेदार साहेबांच्या नातवाच्या फोनवर पाठवल्या. साहेबांनी फोन डोळ्याजवळ धरून बराच वेळ पाहिलं म्हणे. तिसरी आणि चौथी यांच्या मधली, असा निरोप आला. ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. त्याआधी गाडी साताऱ्याला पोचवायची आहे, म्हणून येत्या रविवारी पहाटे पाचला कॉम्प्रेसर सुरू.

जय हिंद.